पेल्याचा आवाज

नवरा पेला वाजवतोय. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेली. तहान लागली की रिकामा पेला खाटेच्या दांडीवर आपटतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मेंदूतल्या पेशींना निरोप आत घेणारी दारं असतात, ताई. झटक्यात कॅल्शियमचा लोंढा आत घुसतो आणि पेशी स्वतःचीच दारं कुरतडते."

मला ते लगेच पटलं. जन्मभर हा माझ्या अंगावर ओरडला, "बहिरी झालीस का गं?" तेव्हा नव्हते झाले. पण त्या ओरडण्याने माझ्यातलंही एकेक दार कुरतडलं गेलं असणार.

पेला वाजतोय. माठ माझ्या हाताशी आहे. शेजारच्या वहिनी खिडकीतून म्हणतात, "अगं, ऐकू येत नाही का?"

"येतं की," मी हळूच म्हणते, आणि तांदूळ निवडत राहते.