एक जूनची माणसं

उत्कर्षा मेश्राम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली ती २००६ साली. पुण्याजवळच्या मांजरी गावात तेव्हा उसाच्या रानात इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांत आयटीतली मुलं भाड्यानं राहत होती. ही मात्र भंडाऱ्याहून आलेली, पीएचडी होऊनही बत्तिसाव्या वर्षी संशोधनच करत असलेली. दारावरचं 'डॉ.' वाचून पहिल्याच आठवड्यात सोसायटीचे चेअरमन गुडघा दाखवायला आले.

"काका, मी पेशींवर काम करते."

"मग गुडघ्यात काय पेशी नसतात?" म्हणाले आणि बसूनच राहिले.

तिचं काम तिनं मला मेथी निवडता निवडता समजावलं. हाडांच्या आत मूळपेशी असतात, त्यांच्यापासून रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात. माणसाचं वय वाढलं की मूळपेशीही म्हाताऱ्या होतात आणि नव्या लढणाऱ्या पेशी कमी निपजतात.

"विरजण जुनं झालं की दही धड लागत नाही, तसं?" मी विचारलं.

"काकू, हेच सांगायला मी चाळीस स्लाइड केल्या हो!"

अभ्यासासाठी तिला सत्तरीपुढची वीस निरोगी माणसं हवी होती. गावठाणात म्हातारी माणसं पुष्कळ, पण निरोगी आहे असं कबूल करायला एक तयार नाही. रोज चहा पीत, प्रत्येकाचं दुखणं ऐकत तिनं वर्षभरात वीस जण जमवले. सकाळी सहाला रक्त घ्यायचं आणि बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत न्यायचं.

२००८च्या मार्चमध्ये तिची फेलोशिप संपत होती. मुदतवाढ मिळाली तर काम पुरं, नाहीतर दोन वर्षं पाण्यात. ज्यांच्या शिफारशीवर ती अवलंबून होती त्या जर्मनीतल्या प्राध्यापकांचा नेमका फेब्रुवारीत मेल आला : 'तुमच्या वीसपैकी चौदा जणांचा जन्म एक जूनचा आहे. तुमच्याकडे सप्टेंबरात काही मोठा उत्सव असतो का?'

आम्ही दोघी भिंतीवरच्या गणपतीच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

खरी गोष्ट साधी होती. त्या काळी शाळेत नाव घालताना मास्तर पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं, तारीख एक जून.

"माझ्या बाबांची एक जुलै आहे," उत्कर्षा कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि हे माझ्या लक्षात आलं नाही!"

वयावरच्या अभ्यासात वयच खोटं! तिनं खरं कारण कळवलं तेव्हा प्राध्यापकांनी बजावलं, खरी वयं सोमवारपर्यंत कळवा. आम्ही घरोघरी निघालो. कुणाला बेचाळीसची धरपकड आठवत होती, कुणाला थोरल्या भावाचं लग्न. कचरूआण्णा म्हणाले, "स्वातंत्र्याचे पेढे वाटले तवा माझे म्होरचे दोन दात पडल्याले. पेढा चाखलाय मी, चावला न्हाई."

म्हणजे तेव्हा सहा-सातचे. उत्कर्षानं हिशेब केला आणि हळूच सांगितलं, "आण्णा, तुम्ही सदुसष्टचे. अभ्यासात बसत नाही."

"आसं? मंग माझं रगत परत द्या."

रविवारी संध्याकाळपर्यंत उरल्या एकट्या तुळजाबाई. मतदार कार्डावर वय एकाहत्तर, तारीख अर्थात एक जून. त्यांचे यजमान दिगंबरराव त्र्याहत्तरचे, तेही यादीत होते. त्यांची जन्मनोंद पक्की मिळाली होती. तुळजाबाई मात्र काही केल्या बोलेनात.

"कार्डावर हाय ते लिव्हा."

"मावशी, ते चुकीचं असलं तर माझं सगळं काम फुकट जाईल," उत्कर्षा हात जोडून म्हणाली. "तुमचं नाव कुठेच येणार नाही. नुसता नंबर, सोळा."

बाईंनी आम्हाला चुलीपाशी ओढलं. आई अंथरुणाला खिळलेली, पाठची पाच भावंडं यांनीच सांभाळलेली. लग्न रखडलं आणि विसाव्या वर्षी ठरलं. घरच्यांनी सोळाची सांगितली. "ह्यांच्याहून दोन वर्सानं मोठी हाय मी," त्या कुजबुजल्या. "पर त्यांच्या कानावर जायला नगं."

बाहेर बाजेवरून दिगंबररावांचा आवाज आला, "पंच्याहत्तर लिव्हा, पंच्याहत्तर. मला हळदीच्या दिशीच कळलं हुतं."

तुळजाबाई पदर खोचत बाहेर आल्या. "आन् पंचावन्न वर्सं गप बसला व्हय?"

"वडीलधाऱ्यांम्होरं बोलायचं नसतं," दिगंबरराव तंबाखू मळत म्हणाले.

उत्कर्षानं हसू दाबत सोळा नंबरपुढे पंच्याहत्तर लिहिलं आणि रात्री एकोणीस खरी वयं जर्मनीला पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं : एकोणीस चालतील, शिफारस केली आहे. पंधरवड्यात एक वर्षाची मुदतवाढ मिळाली.

आम्ही पेढे घेऊन गेलो तर त्या संध्याकाळी सुरू झालेला तुळजाबाईंचा अबोला अजून चालूच. दिगंबररावांनी पेढ्याला हात घातला तसा बाईंनी पुडा मागे ओढला. तेवढ्या दिवसांत नवऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य ते :

"आधी पाया पडा."