अक्काचे चार लाख

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत कुणी घर घ्यायला निघालं की तो आधी मास्तरांकडे जायचा आणि मग बँकेकडे. मास्तर म्हणजे कुणी शिक्षक नव्हेत. तेही मेकॅनिकच, बेचाळीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे. पण कर्जाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ग्रीसचे हात चिंधीला पुसून ते एखाद्या जुन्या जॉबकार्डाच्या पाठीवर उभी रेघ ओढायचे, एका बाजूला व्याज लिहायचे, दुसऱ्या बाजूला मुद्दल, आणि सांगायचे, "बोनस आला की टीव्ही नाही, गाडी नाही. सरळ मुद्दलात टाकायचा. कर्ज म्हणजे घरजावई. जेवढ्या लवकर वाटेला लावाल तेवढं बरं."

बोलणं पोकळ नव्हतं. स्वतःच्या तीन खोल्यांसाठी त्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढलं होतं आणि चौदाव्या वर्षी एकोणीसच हप्ते उरले होते. थोरल्या मुलीला कावीळ झाली तेव्हा हप्ता वेळेवर गेला. छोटी सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हाही गेला. बायकोने पुढच्या खोलीत पाळणाघर काढलं, सहा मुलांची रडारड आणि दुधाच्या बाटल्या सांभाळत घरखर्च ओढला, आणि मास्तरांचा पगार जवळजवळ अख्खा बँकेत गेला. पै-पाहुण्यांत त्यांच्याकडे बोट दाखवून लोक आपल्या मुलांना म्हणत, "संसार असा करावा."

एक गोष्ट मात्र मास्तरांनी कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

घर घेताना पहिली रक्कम भरायला चार लाख कमी पडत होते. ते अक्काने दिले होते.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मास्तर अकरा वर्षांचे होते आणि अक्का एकोणीसची. तिने त्यांना शिकवलं, कामाला लावलं, लग्न करून दिलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी करून ती एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायची. घराची अडचण कळल्यावर तिने ठेव मोडली आणि ती पैसे भावाच्या खात्यावर टाकून मोकळी झाली.

बायकोने आधीच बजावलं होतं, "वन्संच्या पैशाला हात लावायचा नाही. त्यांना पुढेमागे कोण आहे?" म्हणून मास्तरांनी तिला सांगितलं, की कंपनीने आगाऊ रक्कम दिली. दोन वर्षांत फेडून टाकू, मग कशाला सांगायचं, असा त्यांचा विचार होता.

दोन वर्षांनी पहिला मोठा बोनस आला. मास्तरांनी अक्काला फोन केला. ती म्हणाली, "माझी काही घाई नाही रे. तुझी सोय बघ." त्याच दुपारी ते बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटरचा स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि दाखवलं, की एवढी रक्कम आज भरली तर शेवटचे अकरा हप्ते गळून पडतात. अकरा! मास्तरांनी भरली. पुढच्या वर्षी भरली, त्याच्या पुढच्या वर्षीही भरली. अक्काचा विषय दर वर्षी थोडा थोडा मागे सरकत गेला. अक्काने कधी आठवण करून दिली नाही, आणि आठवण करून न देणाऱ्याचं देणं माणूस कसं विसरतो ते मास्तरांना कळलंसुद्धा नाही.

त्या सोमवारी ते एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उकिडवे बसून दोर तपासत होते. वरच्या मजल्याचं दार उघडं होतं. तिथून हाक आली, "बारक्या!"

नव्वद किलोच्या माणसाला या नावाने हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. मास्तर वर चढून आले. अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, घामाघूम, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"तू इथे कशी?"

"तुझ्या ऑफिसात विचारलं. घरी नको वाटलं यायला." तिने दम खाल्ला. "आमच्या मालकीणबाई गेल्या ना, त्यांचा मुलगा सगळं विकतोय. मला म्हणाला, मागच्या दोन खोल्या तुम्ही घेत असाल तर आधी तुम्हाला. बावीस वर्षं राहिलात म्हणून. पण बारा दिवसांत इसार हवा. चार लाख."

मास्तर चिंधीने हात पुसत राहिले.

"बाकीचं बँक देईल म्हणतेय, निवृत्तीला चार वर्षं आहेत तोवर. पण हे चार हातात लागतील." तिने पर्सची चेन उघडली, लावली. "तर माझे ते पैसे... जमतील का?"

चौदा वर्षांत पहिल्यांदा ती मागत होती, आणि मागतानाही तिचीच मान खाली होती.

"हो हो," मास्तर म्हणाले. "जमतील. न जमायला काय झालं? बघतो."

ती गेली. मास्तर परत टपावर उतरले आणि तपासलेले दोर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतले.

खात्यात सत्तर हजार होते. बाकीची सगळी मिळकत भिंतींत गेली होती, आणि भिंत खरवडून पैसे निघत नाहीत. पहिले दोन दिवस त्यांनी कंपनीत चौकशी केली. आगाऊ रक्कम मिळेल, पण पुढच्या महिन्यात, आणि फार तर एक लाख. तिसऱ्या दिवशी एका जुन्या मित्राकडे गेले. त्याने चहा पाजला आणि तो हसत म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस उसने मागतोय? थट्टा करू नकोस." मास्तरही हसले. चौथ्या दिवशी बँक.

तिथे त्यांना खुर्ची मिळाली. अधिकारी बाईंनी खातं उघडलं आणि भुवया उंचावल्या. "एकही हप्ता उशिरा नाही! तुम्हाला नाही कोण म्हणेल? घरावर वाढीव कर्ज देऊ. हा अर्ज. इथे तुमची सही, आणि इथे सहकर्जदाराची. म्हणजे तुमच्या मिसेसची."

मास्तरांनी अर्जाची चौपदरी घडी करून तो खिशात घातला.

पुढचे तीन दिवस तो अर्ज कंपनीच्या व्हॅनमध्ये हत्यारांच्या पेटीखाली होता. घरात मास्तर बोलेनासे झाले. जेवताना बायको म्हणाली, "अहो, भाजीत मीठ नाहीये." ते म्हणाले, "छान झालीय." फोन वाजला की ते आधी नाव बघायचे. तो अक्काचा नसायचा. ती विचारणार नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि तेच जास्त छळत होतं.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी व्हॅन एका बंद गोदामाच्या सावलीत उभी केली, अर्ज स्टिअरिंगवर ठेवला आणि बायकोच्या सहीचा एक जुना कागद शेजारी लावला. सोपी सही होती. शाळकरी पोरीसारखी, सरळ अक्षरांची. त्यांनी पेन टेकवलं. पहिलं अक्षर उमटलंसुद्धा.

मास्तरांच्या धंद्यात एक पाप आहे. लिफ्टचं दार नीट लागत नसलं की लिफ्ट चालत नाही. तेव्हा घाईत असलेला मेकॅनिक दाराच्या कुलपाला वायरचा तुकडा जोडून यंत्राला फसवतो. लिफ्ट चालते. लोक खूश होतात. आणि एक दिवस दार उघडं असताना लिफ्ट निघते. मास्तरांनी तीस वर्षांत तसली वायर कधी लावली नव्हती, लावणाऱ्या दोघांना कामावरून काढायला लावलं होतं. ते त्या एका अक्षराकडे बघत बसले. मग अर्ज फाडला, बँकेत जाऊन नवा घेतला, आणि घरी गेले.

तरी आणखी एक दिवस गेला. पाळणाघरातली मुलं होती, मुली होत्या, वेळ सापडेना. म्हणजे शोधला नाही. आठव्या दिवशी सकाळी, मुली क्लासला गेल्यावर आणि पाळणाघरातली मुलं यायच्या आत त्यांनी जेवणाच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती हातातला टॉवेल घडी करत होती, तो पुन्हा पुन्हा तसाच घडी करत राहिली.

"कंपनीने दिले म्हणाला होतात," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"चौदा वर्षं."

"मी फेडणारच होतो. पण तू बघितलंस ना, बोनस आला की..."

"बोनस आला की मी म्हणायची, वॉशिंग मशीन घेऊ. सहा पोरांचे कपडे हाताने धुते मी. तुम्ही म्हणायचात, मुद्दल." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "मला वाटायचं, कर्जाची धास्ती आहे माणसाला. असू दे. पण धास्ती कसली? जो दारात वसुलीला येईल त्याला दिलंत, जो येणार नव्हता त्याला ताटकळत ठेवलंत."

मास्तर टेबलावरचा अर्ज सरळ करू लागले.

"आणि तो फ्रीज," ती एकदम म्हणाली.

"कुठला फ्रीज?"

"आपण नवा घेतला तेव्हा जुना वन्संना दिला. तुम्ही तीन हजार घेतलेत त्यांच्याकडून. मीच म्हणाले होते, असाच देऊन टाकू, तर म्हणालात, व्यवहार तो व्यवहार. त्यांनी पर्समधून मोजून दिले. माझ्यासमोर!" आता तिचे डोळे भरले. "त्यांना वाटलं असेल, हिला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून ही तीन हजार घेतेय!"

मास्तरांना फ्रीज आठवत होता. पैसेही आठवत होते. त्यांचं काय केलं तेही आठवत होतं. त्या महिन्याच्या हप्त्याला तेवढेच कमी पडत होते.

तिने सही केली. पेन खाली ठेवून म्हणाली, "वन्संशी मी बोलणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

पण बँकेला घाई नव्हती. ज्या बँकेला त्यांनी चौदा वर्षांत एक दिवस थांबवलं नव्हतं, तिने घराची किंमत ठरवायला माणूस पाठवायलाच तीन दिवस घेतले. तो आला, खोल्यांना टेप लावून गेला. "आता कागद वर जातील," अधिकारी बाई म्हणाल्या. "वर म्हणजे किती दिवस?" "चार धरा."

अकराव्या दिवशी मास्तर मालकीणबाईंच्या मुलाकडे गेले. सत्तर हजार रोख समोर ठेवले आणि हात जोडले. "चार दिवस थांबा. बाकीचे आणतो." तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "काका, अजून मी कुणालाच शब्द दिलेला नाही. तुमच्या बहिणीला मी दोनदा विचारलं. त्या म्हणाल्या, भावाने सांगितलंय, येतील. पण ना पैसे आले, ना निरोप. काल एकाने सगळी रक्कम एकदम देऊ केली. उद्या संध्याकाळपर्यंत चार आणा, त्याला नाही म्हणतो."

उद्या संध्याकाळपर्यंत चार आले नाहीत. पंधराव्या दिवशी आले.

त्याच दुपारी नवरा-बायको अक्काकडे गेले. तिने दार उघडलं. आत अर्ध्या भिंती रिकाम्या होत्या. खोकी बांधायला सुरुवात झाली होती. बायकोने चेक पुढे केला. "वन्सं, मला खरंच ठाऊक नव्हतं हो," एवढंच म्हणाली.

अक्काने चेक न बघताच एका खोक्यावर ठेवला. "ठाऊक नव्हतं?" मग तिने भावाकडे बघितलं. "मला तर वाटायचं, दोघांनी ठरवलंय."

"अक्का, माझं चुकलं," मास्तर म्हणाले. "व्याजासकट देईन."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, व्याज कसलं रे. लहानपणापासून ती तसंच म्हणत आली होती.

"दे," अक्का म्हणाली. "लिहून दे."

तिने कागद आणला. ठेवीवर जे मिळालं असतं ते बँकेत विचारून तिने आधीच काढून ठेवलं होतं. मास्तरांनी लिहून सही केली. तिने कागद वाचला, एक चूक दाखवली, ती सुधारायला लावली.

"मला पैशाचं दुःख नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी 'नाही जमत' म्हणाला असतास तर मी दुसरीकडे हात पसरले असते. हॉस्पिटलच्या पतपेढीत दोन लाख मिळत होते. तू 'हो हो' म्हणालास म्हणून मी गप्प बसले. लहानपणी खोटं बोलायचास तेव्हा कान पिळायचे मी. आता कुठे पिळू?"

दीड महिन्याने तिने शहराच्या टोकाला एक खोली घेतली. तळमजला, मागे टायरचं गॅरेज, हॉस्पिटलला दोन बस. सामान न्यायला मास्तर कंपनीची व्हॅन मागून घेऊन गेले. कपाट त्यांनी एकट्याने पाठीवर घेतलं, चौकटीत अडकलं तेव्हा अक्का आतून ओरडली, "डावीकडून, डावीकडून!" आणि तेवढंच त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली. बायको मात्र स्वयंपाकाच्या ओट्यापाशी तिच्याबरोबर डबे लावत होती, आणि दोघींचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मास्तर दाराला कडी बसवत बाहेर उभे राहिले. त्यांना आत बोलावलं नाही कुणी.

एकोणीस हप्त्यांचे पुन्हा चौऱ्याऐंशी झाले. त्यावर अक्काच्या व्याजाचा हप्ता वेगळा. पाळणाघराचे पैसे बायको आता स्वतःच्या नावाच्या खात्यात ठेवते; पहिल्याच वर्षी त्यातून वॉशिंग मशीन आलं. त्याबद्दल मास्तरांना विचारलं नव्हतं, आणि मशीन जोडून मात्र त्यांनीच दिलं.

व्याजाचे पैसे ते बँकेतून पाठवत नाहीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन बस बदलून जातात आणि हातात देतात. पहिले पाच महिने अक्काने दारातच मोजून घेतले. सहाव्या महिन्यात पाऊण तास उभं राहून प्रवास केलेला तो जाडजूड माणूस दारात धापा टाकताना बघून ती म्हणाली, "आत ये. पाणी पी आधी." मास्तर आत गेले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. तिने पैसे मोजले, वहीत लिहिले, आणि विचारलं, "थोरलीच्या फीचं काय केलंस?"

मास्तर नेहमीसारखं "जमेल" म्हणणार होते.

"अजून तीस हजार कमी आहेत," ते म्हणाले.