बेचाळीसच्या वर गॅस बंद

शैलाताई साताऱ्याकडच्या मेढ्याच्या, तर त्यांचे यजमान अरविंद चंद्रपूरचे. एकीला फेब्रुवारीतच पंखा लागायचा आणि दुसऱ्याचा स्वेटर होळीपर्यंत उतरायचा नाही. मध्य प्रदेशातल्या देवासच्या कारखान्यात अरविंद भट्टीवर होते. "आमच्या चंद्रपुरापुढे हे कसलं ऊन!" असं ते नेहमी म्हणायचे. म्हणायचे मात्र बैठकीत, कूलरसमोर बसून. शैलाताई तेव्हा स्वयंपाकघरात घामाने निथळत असायच्या. तिथे पंखासुद्धा नव्हता. वाऱ्याने गॅस विझतो, हे सासूबाईंच्या तोंडचं कारण घरात वेदवाक्य झालं होतं. घरात वाईट माणूस एकही नव्हता, त्यामुळे राग काढायचा तरी कुणावर?

सत्त्याण्णवच्या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला कारखान्याने बायकामुलांना आत नेलं. बाकीच्या बायका हार घातलेल्या यंत्रांना नमस्कार करून प्रसादाच्या रांगेत गेल्या. शैलाताई भट्टीपाशीच थबकल्या. भिंतीवर तापमापक होता, कामगारांच्या पाठीमागे माणसाएवढा पंखा, आणि शेजारी पाटी: पारा बेचाळीसच्या वर गेला की दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं आराम.

"हे कधी बोलला नाहीत!"

"त्यात काय सांगायचं?" अरविंद म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी शैलाताईंनी बाजारातून तापमापक आणला आणि ओट्याच्या वर खिळा ठोकून टांगला. घरात सगळे हसले. हसू देत, त्यांना काय! शैलाताई मे महिन्याची वाट बघत होत्या.

मे आला. एका रविवारी अरविंदांच्या भट्टीवरचे चिंतामणी, माळव्याच्या बोलीत सगळ्यांचे 'भिया' म्हणजे भाऊ, जेवायला आले. पाचवी पोळी तव्यावरून उतरली तेव्हा पारा चव्वेचाळीसवर होता. शैलाताईंनी गॅस बंद केला, बाहेर आल्या आणि कूलरसमोर ऐसपैस बसल्या.

"पोळ्या?" अरविंदांनी विचारलं.

"आराम चालू आहे."

"अगं, पाहुणे बसलेत!"

"पाहुण्यांना नियम पाठ आहे. काय हो चिंतामणी भिया, बेचाळीसच्या वर तुम्ही काय करता?"

"भाभी, अपन तो बैठ जाते हैं," चिंतामणी प्रामाणिकपणे म्हणाले.

अरविंद भडकले. "चंद्रपूरचा आहे मी! दाखवतो," म्हणत आत गेले. तिसऱ्या पोळीला बाहेर आले ते थेट मोरीवर, आणि तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी बैठकीतला कूलर काढून स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवला. झोत ओट्यावर नाही, शैलाताईंच्या पाठीवर येईल असा. इतकी वर्षं विझणारा गॅस काही विझला नाही.

जूनमध्ये धारहून नणंद आली. बैठकीत पदराने वारा घेत तिने नाक मुरडलं. "वहिनी, कूलर कधी कुणी स्वयंपाकघरात ठेवतं का?"

शैलाताई पोळी लाटत होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"कूलर माणसासाठी असतो वन्सं, आणि माणूस इथे आहे."