धवलारणीचा अंगठा

समुद्रापलीकडे जाणाऱ्या माणसाने आगबोटीचे तिकीट घेण्यापूर्वी आपण कोण आहोत हे सिद्ध करावे, या नियमास माझी हरकत कधीही नव्हती. मी स्वतः सनदी अर्जनवीस आहे. परिस्थितीमुळे माझे शिक्षण मराठी पाचव्या इयत्तेपुढे गेले नाही हे खरे; परंतु तालुक्याच्या कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, उतरत्या पेटीवर कागद ठेवून मी आजवर जो मजकूर लिहिला, त्यात खाडाखोड करण्याचा प्रसंग फार थोड्या अधिकाऱ्यांवर आला आहे. कागदाची किंमत मला कळते, आणि म्हणूनच पुढे सांगतो त्या प्रकरणाची चीड माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी भाईंदरास राहत असे व रोज सकाळच्या गाडीने कचेरीच्या गावी जात असे. एके दिवशी राई गावची एक कोळीण माझ्या पेटीपुढे येऊन बसली. वय पंचविशीच्या आतबाहेर, कपाळावर व हनुवटीवर गोंदण, हातात रुमालात बांधलेली पत्रे. तिचा नवरा बसऱ्याच्या बंदरात लाँचीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता. लग्न झाल्यावर वर्षभराने तो जो गेला तो एकदाच येऊन गेला होता. आता त्याला मालकाने बंदराजवळ एक खोली दिली होती, पण ती बायकोमाणसासह राहणाऱ्यालाच. उन्हाळ्याच्या आत बायको आली नाही तर खोली दुसऱ्याला जाणार, आणि तो पुन्हा खलाशांच्या बराकीत. त्याने तिकिटाचे पैसे धाडले होते. पैसे घेऊन ती मुंबईच्या कोटातल्या आगबोट एजंटाच्या कचेरीत गेली आणि तशीच परत आली.

"भाऊ, तो जाळीमागचा माणूस बोलला, पासपोर्ट न्हाय तं तिकीट न्हाय," ती म्हणाली. "मी बोलले, डेकवर बसून जाईन, मना कोठडी नको. तं बोलला, बाई, उभी राहून गेलीस तरी पासपोर्ट पायजे."

मी तिला धीर दिला. पासपोर्टाचा अर्ज म्हणजे माझ्या हातचा मळ. त्याच सुमारास उत्तनच्या एका किरिस्तांव बाईचे काम मी केले होते. तिचाही नवरा त्याच बंदरात सुतार होता. तिच्या पाद्रीबाबांनी देवळाच्या दप्तरातून लग्नाचा उतारा काढून दिला, मी अर्ज लिहिला, कचेरीने मान डोलावली आणि तिचे तिकीट हातात पडले. दोघींनी एकाच बोटीने जावे असा बेत मी मनाशी ठरवून टाकला. डेकवर दोन बायका शेजारी वळकट्या टाकून बसल्या म्हणजे एकमेकींना आधार.

फोटोपासून विघ्नांना सुरुवात झाली. पदराच्या सावलीत कान दिसत नाही म्हणून पहिला फोटो परत आला. दुसऱ्या फोटोत कान दिसला. देवी टोचल्याचा दाखला मिळाला. अर्ज हेडक्लार्कांपुढे गेला, आणि विवाहाच्या रकान्यावर त्यांचे बोट थांबले.

तेथे, "विवाह लावणारा" या शब्दांपुढे, मी सत्य तेच लिहिले होते. आमच्या खाडीकाठच्या गावांत आगरी-कोळ्यांची लग्ने भट लावीत नाही. ती धवलारीण लावते. ती जातीतलीच एक जाणती बाई असते. मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, हळदीपासून वरातीपर्यंत काय केव्हा करायचे ते तीच सांगते, आणि तिच्या तोंडून धवला पुरा झाला की लग्न लागले. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले. मी लिहिले होते, "जातीच्या रिवाजाप्रमाणे धवलारीण, राहणार राई."

हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय? लग्न बाईने लावले?"

"होय रावसाहेब. रिवाज आहे."

"रिवाज घरी. येथे पुरोहिताचे नाव लागते. उत्तनच्या बाईने पाद्र्याचा दाखला आणला की नाही? मुसलमान काजीचा आणतात. हिने काय आणले? गाणे?"

मी अदबीने निवेदन केले की रकान्यात 'विवाह लावणारा' असे छापले आहे, 'पुरोहित' असे नव्हे. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले, ते त्या बाईच्या देखत दिले, हे मी मुद्दाम नमूद करतो.

"अहो, अशा पुष्कळ बाया बायको म्हणून बोटीवर चढवतात आणि तिकडे नेऊन विकतात. माझी सही होऊन ही कुठे पोचेल कोण जाणे! कशावरून ही त्याची बायको?"

कचेरीत दहा माणसे होती. सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. मला वाटले ती आता रडणार. ती रडली नाही. उठून टेबलापाशी गेली आणि म्हणाली,

"मी त्याची बायको न्हाय तं कोन हाय, ते तरी लिवा. मी अंगठा देतं."

हेडक्लार्कांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर उतरवला. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला व आवाज खाली आणून मला हिताचा म्हणून सल्ला दिला. स्टेशनापाशी कोणीही भटजी मिळेल, लग्न आपण लावले असे त्याच्याकडून लिहून आणा, मी डोळे मिटून पुढे पाठवतो.

वाचकहो, विचार करा. खरे लिहिले म्हणून अर्ज नामंजूर, आणि त्या मांडवात ज्याने पाऊलही ठेवले नाही त्याची खोटी सही आणली की मंजूर! मी ज्या सनदेवर पोट भरतो तिच्यात खरा मजकूर लिहिण्याचा शब्द मी दिलेला आहे. आणि मला खोट्याची वाट दाखवणारा कोण, तर खोटे पकडण्यासाठी ज्याला खुर्ची दिली तो. मी तो कागद उचलला, नीट घडी घातली आणि म्हणालो, "कचेरीचे मोठे साहेब दौऱ्यावरून आले की मी समक्ष रुजू होतो."

"व्हा, व्हा," हेडक्लार्क म्हणाले. "धवलारणीलाही आणा. साहेबांना करमणूक होईल."

मी त्या कोळणीबरोबर धवलारणीलाही आणली. ती राईचीच एक म्हातारी, कमरेत वाकलेली, पण आवाज असा की मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर जावा. सकाळच्या गाडीत ती सारा वेळ माझ्यावर खेकसत होती.

"पंधरा गावांची लग्ना लावली मी. आजून कुनी इचारला न्हाय, लागला का न्हाय. पोरा झाली, नातवंडा झाली, आनि आता कचेरीला शंका?"

"आजी, साहेब विचारतील तेवढेच सांगायचे," मी बजावले. "जास्ती बोलायचे नाही."

"मी जास्ती कधी बोलते?"

साहेब तरुण होते, आपल्यातलेच, बोलायला शांत. त्यांनी अर्ज वाचला, हेडक्लार्कांचे म्हणणे ऐकले, मग माझे ऐकले. माझे म्हणणे थोडे लांबले असेल, कारण मी रिवाजाच्या थोरवीपासून सुरुवात केली होती. साहेबांनी हात वर केला आणि म्हातारीकडे पाहिले.

"तुम्ही या बाईचे लग्न लावले?"

"मीच लावला सायबा."

"काय म्हणून लावता? जे म्हणता ते म्हणून दाखवा पाहू."

म्हातारीने मान हलवली. "हितं न्हाय म्हनायचा."

"का?"

"मांडव न्हाय, हल्द न्हाय, नवरी न्हाय, नवरा न्हाय. धवला पुरा झाला का लगीन लागतं. हितं म्हनला तं कुनाचा लागायचा? तुमी हाव, हे भाऊसायेब हाव, आनि हा बाकडा हाय."

साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. हेडक्लार्क लाल झाले. दारात उभ्या असलेल्या पट्टेवाल्याला मात्र हसू आवरले नाही. तो खुदकन हसला. म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान फिरवली, डोळे बारीक केले आणि काठी टेकत चार पावले दाराकडे गेली.

"दात काय दावतंस रं? तू त्या मोठ्या आळीतल्या बुधल्याचा पोर ना? तुजा लगीन कुनी लावला? वरातीत लाजून माज्या पाठी लपला व्हतास, ते सांगू का सायबाला?"

पट्टेवाल्याचे हसू तेथेच विरले. तो आमच्याच किनाऱ्यावरचा, पण लाल पट्टा कमरेला बांधल्यापासून गावची बोली विसरलेला. साहेबांनी विचारले, "खरे आहे?"

"होय साहेब. आजीनेच लावलं."

"भटजी?"

"आमच्यात नसतो साहेब."

साहेबांनी हेडक्लार्कांकडे पाहिले. "याच्या नोकरीच्या कागदांत बायको म्हणून कोणाचे नाव आहे?"

आता हेडक्लार्कांची पाळी आली. ते कागद त्यांच्याच ताब्यात असत, त्यांच्याच अक्षरात भरलेले. पट्टेवाल्याचे बरेवाईट झाले तर पैसे कोणाला मिळावेत, त्या ठिकाणी त्यांनी त्याची बायको लिहिली होती आणि सही ठोकली होती. तेव्हा त्यांना ना भट आठवला, ना काजी. त्या बाईला कोणी विकायला नेते आहे अशीही शंका त्यांना आली नाही, कारण ती बंदरावर जात नव्हती, कचेरीच्या मागल्या खोलीत राहत होती आणि हेडक्लार्कांच्या घरी मासळी पोचवीत होती.

"ते वेगळे, साहेब," ते पुटपुटले.

"कसे वेगळे?"

हेडक्लार्क समोरचे कागद सारखे करू लागले. म्हातारीने मात्र उत्तराची वाट न पाहता पट्टेवाल्याला बजावले, "जा, तुजे बायकोला सांग, कचेरी बोलते तुजा लगीन झालाच न्हाय. मंग बघ रातच्याला कोन जेवाया घालतं."

साहेबांनी हुकूम लिहायला सांगितला. हेडक्लार्कांनी बोरू बुडवून लिहिण्यास आरंभ केला, "सबब एका अडाणी वृद्ध स्त्रीच्या सांगण्यावरून..." मी त्यांच्या खांद्यामागेच उभा होतो. मला राहवले नाही.

"हुजूर, 'अडाणी' हा शब्द अर्जात कोठेही नाही. अर्जात 'विवाह लावणारी' असा शब्द आहे."

हेडक्लार्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की त्या नजरेने माझी सनद जळून जावी. पण साहेब म्हणाले, "बरोबर आहे. तसेच लिहा." कागद बदलला. म्हातारीने अंगठा दिला. हेडक्लार्कांनी शाईच्या गादीवर तो इतका जोराने दाबला की ती कळवळली, हेही मला नमूद केलेच पाहिजे. हुकुमाची नक्कल देताना त्यांनी शेवटचा टोला हाणला. "ही जवळ बाळगायची. बंदरावर, बोटीवर, उतरताना, जागोजाग मागतील. नाही दाखवली तर परत धाडतील." ती बाई हे ऐकून इतकी भ्याली की घरी जाऊन तिने नक्कल मेणकापडात शिवून चोळीच्या आत बांधली.

या सगळ्या खटाटोपात उत्तनच्या बाईची बोट निघून गेली. दोघींनी जोडीने जाण्याचा माझा बेत बुडाला तो कोणामुळे, हे वेगळे सांगायला नको. पुढे पासपोर्ट आला. मी जातीने तिला एजंटाच्या कचेरीत नेले. तोच जाळीमागचा माणूस होता. त्याने पासपोर्ट उलटा धरला, सुलटा केला, तिकीट फाडले आणि "पुढचा" म्हणाला. तिने नकलेसाठी चोळीकडे हात नेला, तोवर त्याने दुसऱ्याचे पैसे घेतले होते.

बोट सुटायच्या दिवशी मी गोदीवर गेलो. धवलारीणही आली. तिने नारळ आणला होता. फाटकापाशी रांग होती. डॉक्टराने दंडावरचा देवीचा वण पाहिला, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. पुढे एका शिपायाने पासपोर्टातला फोटो पाहिला; तिच्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. पदराखाली कान झाकलेला होता की उघडा, देव जाणे. ती वळकटी डोक्यावर घेऊन शिडी चढली. थोड्या वेळाने कठड्यापाशी दिसली. शिट्टी झाली, दोर सुटले. बोट धक्क्यापासून हातभर, मग दोन हात दूर झाली, तेव्हा ती छातीला हात लावून वरून ओरडली,

"भाऊ! हा कागद कुनी इचारलाच न्हाय! टाकू का ठेवू?"

"ठेव!" मी ओरडलो. "तिकडे लागेल!"

"काय बोलते पोर?" म्हातारीने विचारले. मी सांगितले.

"न्हाय इचारला?" तिने आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला. नखाखाली अद्याप काळानिळा डाग होता. "मंग माजा बोट कशाला चेचला त्या मेल्याने?" आणि नारळ तिने धक्क्याच्या दगडावर असा आपटला की दोन हमाल दचकून बाजूला झाले. एक भकल पाण्यात गेली, दुसरी तिने मला दिली. "खा. तू बरा लिवतंस."

ती बाई सुखरूप पोचली व खोली मिळाली, असे पुढे उत्तनच्या बाईच्या घरून कळले. नक्कल तिकडेही कोणी मागितली नाही.

नंतर लढाई आली. बोटींवर गेलेल्या खलाशांच्या बायका सरकारकडून मिळणाऱ्या पैशांसाठी अर्ज घेऊन माझ्यापुढे बसू लागल्या, आणि त्या छापील कागदातही तोच रकाना. धवलारीण तोवर वारली होती, ते हेडक्लार्क बढती मिळून दुसरीकडे गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनीही पहिल्याच अर्जावर बोट ठेवून विचारले, "हे काय? लग्न बाईने लावले?" मी पेटीतून साहेबांच्या हुकुमाची माझ्याजवळची दुसरी नक्कल काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती न वाचताच रकान्यावर काट मारली. मी दुसरा कागद घेतला आणि पुन्हा तेच लिहिले. त्यांनी पुन्हा काट मारली. कागदाचा खर्च माझा. माझ्यापाशी कागद पुष्कळ आहेत.