कुंकू नसलेली टेप

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंगणातली लिंबोणी तपासली. एका बाजूनं वाळत चालली होती. उदगिरात मी लग्नाच्या शूटिंगा करायचो, तवाचा टेपचा कॅमेरा अजून चालतो. त्याला अंधारात बघायचं बटन हाय. ते दाबायचं अन् भिंगावर फोटोच्या धुतलेल्या रोलचं काळं टोक चिकटवायचं. मग डोळ्याला न दिसणारा उजेड तेवढा आत जातो. जितं पान दुधासारखं पांढरं दिसतं, मरतुकडं मळकट.

ती फांदी धरून उभी होती. "झाडाची शूटिंग करणारा नवरा माझ्याच नशिबी," म्हणाली. मी चालू कॅमेरा तिच्याकडं फिरवला. काढलेलं बघायला आली अन् तिचं तोंड उतरलं. त्या उजेडात कुंकू उठतच न्हाई.

"माझं कुंकू कुठाय?"

"अगं, हाय तिथंच हाय. कॅमेऱ्याला दिसत न्हाई."

"नवरा जिता असताना मोकळं कपाळ! उडवा आधी ते."

"मेलो तर मी मरंन. तुला काय होतंय?"

"जिभेला हाड हाय का काही? उडवा म्हणलं ना."

उडवतो म्हणलो अन् जेवायला बसलो. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. लातूरला नेताना वाटेतच गेली.

सकाळी लेक पुण्याहून आला. आईचं चालतं-बोलतं काही हाय का, म्हणाला. जन्मभर मी लोकांच्या नवऱ्या काढल्या, हिनं स्वतःवर कधी कॅमेरा धरू दिला न्हाई. हाय ते तेवढंच.

"हाय, पण देणार न्हाई," म्हणलो, अन् का ते सांगितलं.

"अण्णा, कुंकू काय, मोबाइलवर नंतर घालता येतंय."

बाहेर बाया तिचं कपाळ कुंकवानं भरत होत्या. "सवाष्ण गेली, नशिबाची बाई," म्हणत होत्या. ती गेली ते नशीब. मी राहिलो त्याला काय म्हणायचं, ते एकीनंबी सांगितलं न्हाई.

आत जाऊन टेप मागं घेतली. एकदा बघावी वाटलं. बघितली असती तर उडवणं झालं नसतं. भिंगाला झाकण लावलं, लाल बटन दाबलं, अन् बाहेरची रडारड टेपवर तिच्या जागी भरू दिली. तिचा आवाजबी त्यात गेला. दुसरीकडं कुठं तो न्हाई.

लेक दारात उभा राहून बघत होता. त्याच्या बाजूनं बाहेर आलो अन् तिरडीला खांदा दिला.