पुढच्या जूनचं भविष्य

भविष्याचा विचार करू शकतो म्हणूनच माणूस इतर प्राण्यांहून श्रेष्ठ आहे. हे आम्हाला सोसायटीच्या हॉलमध्ये, समई विझू नये म्हणून पंखे बंद ठेवून सांगण्यात आलं. सांगणारा कोट-टाय घातलेला एक तरुण गुंतवणूक सल्लागार होता.

माझ्या शेजारी तळमजल्यावरच्या सुनंदाताई बसल्या होत्या. फराळाच्या ऑर्डरींमधून त्यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदाच काही शिल्लक पडलं होतं आणि ते त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखलं होतं. भाषण संपताच सल्लागाराने त्यांच्या फोनवर फंडाचं खातं उघडून दिलं. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. त्यांचा अंगठा त्याच्यावर येऊन थांबला.

"पुढच्या जूनमध्ये फी भरायचीय. तेव्हा निदान एवढे तरी परत मिळतील ना?"

"ताई, बाजार वरखाली व्हायचाच. तुम्ही वीस वर्षांचं बघा."

"वीस वर्षांनी तिला प्रवेश कोण देणार हो?"

मागे कुणीतरी हसलं. त्या हसल्या नाहीत. भविष्य म्हटलं की आपल्याला फार लांबचं, भव्य असं काहीतरी दिसतं. पुढच्या जूनला कुणी भविष्य म्हणत नाही. बहुतेक घरांत मात्र तेवढंच असतं आणि ते फार भराभर जवळ येतं.

सुनंदाताईंनी फोन पर्समध्ये टाकला. "मी आपली बँकेत जूनपर्यंतची एफडी करते. तुम्ही कुठे ठेवता तुमचे पैसे?"

सल्लागाराने टाय सैल केला. तो नुकताच नोकरीला लागला होता आणि त्याच्याकडे अजून काही शिल्लक पडत नव्हतं.