वारा न घातलेलं चित्र

त्या काकू मला अमेरिकेतल्या ट्रॉय शहराजवळच्या एका म्युझियममध्ये दिसल्या. साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. हातातल्या नकाशाने वारा घेत त्या एका जपानी चित्राकडे निरखून पाहत होत्या. दीडशे वर्षांपूर्वी ते हातपंख्यावर चिकटवण्यासाठी छापलं होतं.

“याच्यावर पंख्याच्या काड्यांच्या खुणा कशा नाहीत हो?” त्यांनी मला विचारलं.

मी शेजारची पाटी वाचून सांगितलं, “पंख्यांवर लावलेली चित्रं वापरून फाटली, काकू. हे लावलंच नाही, म्हणून उरलं.”

“म्हणजे बिचाऱ्याने कुणाला वाराच घातला नाही,” असं म्हणून त्या पुढे गेल्या.

आईने तिच्या जुन्या साड्यांची शिवून दिलेली गोधडी खराब होऊ नये म्हणून मी सहा वर्षं प्लास्टिकच्या बॅगेत बंद ठेवली होती. घरी येऊन ती बाहेर काढली. तिला प्लास्टिकचा वास येत होता. तशीच अंगावर घेतली.